साडेपाचची दोरी

मर्विनने पाय भादरले होते.

गुड फ्रायडेच्या जेवणाला तो आखूड चड्डी घालून दारात उभा राहिला, तेव्हा इव्हेटच्या हातातला माशांचा वाडगा हिंदकळला आणि हळदीचा पिवळा ओघळ मेजावरच्या स्वच्छ कापडावर पडला. तिचा नवरा क्लाईव्ह मात्र जागचा हलला नाही. त्याने चष्मा नाकावर खाली ओढला, वाकून त्या दोन गुळगुळीत पोटऱ्यांची नीट पाहणी केली आणि बायकोला हाक मारली.

“इव्हेट, अगं बघ, कोण बाई आल्यात आपल्याकडे.”

“चेष्टा पुरे,” मर्विन म्हणाला. “सायकलवाले सगळेच करतात. वारा कमी अडतो.”

“वारा? आपल्या पी.ई. शहरात? अरे गड्या, इथला वारा लोकांची छपरं उचलून नेतो. त्याला तुझे चार केस आडवे येत होते होय?”

“आणि पडलो तर जखम धुवायला सोपं जातं.”

“म्हणजे पडायचंही आधीच ठरवून ठेवलंयस. वा! मास्तर तो मास्तरच.”

मर्विन कुपीडो गेली तीस वर्षं हायस्कुलात सुतारकाम शिकवत होता. वय त्रेपन्न, बांधा काटकुळा, बोलणं मोजकं. येत्या रविवारी हा गृहस्थ समुद्रात पावणेचार किलोमीटर पोहणार होता, बाहेर येऊन एकशे ऐंशी किलोमीटर सायकल हाणणार होता आणि तेवढ्याने भागलं नाही तर बेचाळीस किलोमीटर पळणार होता. कोणी बंदूक रोखलेली नव्हती. उलट, हे सगळं करू द्यावं म्हणून त्याने स्वतःच्या पगारातून फी भरली होती. विकतचं दुखणं यापेक्षा वेगळं काय असतं?

इव्हेटने मासे वाढले. कांदा, हळद, मिरी घालून व्हिनेगरात तीन दिवस मुरवलेले मासे. ईस्टरला हे नाही खाल्लं तर ईस्टर झाला असं त्यांच्या गेल्व्हनडेल वस्तीत कोणी मानत नाही. मर्विनने एक तुकडा काट्याने उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

“आंबट चालणार नाही. पोट सांभाळायचंय,” असं म्हणून त्याने खिशातून टूथपेस्टच्या नमुन्याएवढी एक पुडी काढली, कोपरा दातांनी तोडला आणि आतला खेळाडूंचा चिकट जेल चोखून घेतला. इव्हेटने तोंड फिरवलं. तेवीस वर्षं हा माणूस तिच्या हातचे मासे मागून मागून खात आला होता.

“मी सव्वीस वर्षं चाललो,” क्लाईव्ह म्हणाला. “दारोदार पाण्याचे मीटर वाचत, दिवसाला अठरा किलोमीटर. पालिकेने मला चालण्याचा पगार दिला. तू पैसे मोजून पळतोस. आपल्यातला शहाणा कोण ते तूच सांग.”

“तूच शहाणा.”

“आणि नाही जमलं तर?”

“क्लाईव्ह!” इव्हेट डाफरली. “सणाच्या दिवशी तोंडातून चांगलं काढ काहीतरी.”

मर्विनला राग आला नाही. त्याने रिकामी पुडी आधी दोनदा दुमडली, मग खिशात टाकली. “नाही जमलं तर सायकल विकून टाकतो. पुन्हा करायचं बळ नाही आपल्यात. मग रविवारी तुझ्या शेजारी, धक्क्यावर. शब्द आहे माझा.”

क्लाईव्हने वाडगा ओढला आणि मर्विनच्या वाटचेही मासे स्वतःला वाढून घेतले. त्या दुपारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून बसले असताना त्याने देवाकडे मागणं मागितलं, की मर्विनला जमू नये. असला अर्ज करायला गुड फ्रायडे हा काही बरा दिवस नव्हे, एवढं त्यालाही कळत होतं. तरी त्याने केला.

* * *

हे वेड मर्विनचं नव्हतं, त्याला ते लागलं होतं लायनेल ड्रायकडून. लायनेलची बेकरी होती आणि भट्टीतल्या पावाबरोबर तो स्वतःही फुगत गेला होता. तिघे एकाच गल्लीत वाढले. बावीस वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की तीन घडीच्या खुर्च्या, तीन गळ आणि कोंबडीच्या सँडविचचा डबा घेऊन ते बंदराच्या जुन्या धक्क्यावर जाऊन बसत. फारसं कोणी बोलत नसे. मासे लागत, कधी लागत नसत. क्लाईव्हला आयुष्यात याहून जास्त काही नको होतं.

मग डॉक्टरने लायनेलला वजन उतरवायला सांगितलं. शहाण्या माणसाने साखर सोडली असती, संध्याकाळी दोन फेऱ्या मारल्या असत्या. लायनेलने सायकल घेतली. दोन वर्षांत ती शर्यत पुरी केली, शर्यतीचं चिन्ह पोटरीवर गोंदवून घेतलं आणि जानेवारीच्या उन्हाळ्यापासून जुलैच्या थंडीपर्यंत लांब पँट घालायची म्हणून बंद केली. त्याच्याशी बोलायला जावं तर तो मनगटावरच्या घड्याळात बघे आणि आपल्या काळजाचे ठोके सांगे, जणू लोक तेच विचारायला आले होते.

पुढे पास्टरने त्याला चर्चमध्ये उभं केलं. “मी करू शकतो, तर तुम्हीही करू शकता,” लायनेल म्हणाला. पास्टरने सात वेळा ‘प्रेरणा’ हा शब्द वापरला, क्लाईव्हने मोजले. त्या महिन्यात मंडळीतल्या बारा जणांनी धावायचे बूट घेतले. हिवाळा येईतो त्यातले अकरा जोड बागेत पाणी घालायच्या कामी लागले होते. बारावा मर्विनचा होता.

आणि त्याच हिवाळ्यात क्लाईव्हच्या डाव्या पायाचा अंगठा गेला. साखरेने नेला. बुटात खडा शिरला होता, तो त्याला दिवसभर जाणवलाच नाही. पालिकेने मोठ्या मनाने त्याला पाण्याच्या बिलांच्या खिडकीमागे खुर्ची दिली, वर एक उशी दिली. ज्या माणसाला शहरातलं प्रत्येक फाटक आणि फाटकामागचा प्रत्येक कुत्रा ओळखत होता, तो आता काचेमागे बसून लोकांच्या शिव्या खाऊ लागला. भेटायला येणारा जो तो एकच सांगे: लायनेलकडे बघ, मर्विनकडे बघ. दवाखान्यातली नर्ससुद्धा. ज्याचा अंगठा गेला त्याच्यापुढे दहा शाबूत बोटांचा माणूस नाचवायचा आणि याला म्हणायचं प्रेरणा! क्लाईव्हला त्या शब्दाची शिसारी बसली. धक्क्यावर तो एकटा जाऊ लागला. खुर्च्या मात्र तीनच नेई, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

* * *

शर्यतीला हजारभर माणसं मदतीला लागतात. कुठलं चर्च, कुठली शाळा एकेक जागा सांभाळते. गेल्व्हनडेलच्या मंडळीकडे सायकली परत यायची जागा होती, आणि इव्हेटने नवऱ्याला न विचारता त्याचं नाव घालून टाकलं होतं. भगवं जाकीट, एक टोपी, दुपारचं जेवण.

“ताता, तुम्ही मीटर वाचायचे ना?” त्या जागेची प्रमुख झिमासा होती, पंचविशीची, कामाला चटपटीत, वडिलांच्या वयाच्या प्रत्येकाला ताता म्हणणारी. तिने स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात घातलं. “मग दोरीवर तुम्हीच. संध्याकाळी साडेपाचला दोरी ताणायची. त्यानंतर येईल त्याची शर्यत तिथेच संपली. त्याच्या घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा असतो, तो आपण काढून घ्यायचा. त्यांना काढू द्यायचा नाही. कधीकधी लोक रागाने समुद्रात फेकतात.”

“म्हणजे माणसांचं पाणी तोडायचं,” क्लाईव्ह म्हणाला. “ते जमतं मला.”

सकाळी सातला दोन हजार माणसं काळे रबरी पोशाख चढवून वाळूत उभी राहिली. कोणी रडत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं. त्या पोशाखात लघवी केली की जरा ऊब येते, हे ज्ञान लायनेलने आदल्या आठवड्यात इव्हेटच्या जेवणाच्या मेजावर दिलं होतं. क्लाईव्ह कुंपणाशी उभा राहून कॉफी पीत होता. एवढे शिकलेले लोक, डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, आणि मुलाबाळांदेखत हे चाळे! तोफ झाली आणि सगळे एकमेकांच्या डोक्यावर पाय देत पाण्यात शिरले.

लायनेल तासाभरात बाहेर आला आणि चालता चालता पोशाख सोलून फेकून सायकलकडे पळाला. सगळे तसंच करतात. तिथे पिशव्या ठेवलेल्या असतात, ओला पोशाख कसाबसा कोंबायचा आणि सुटायचं. मर्विन जवळजवळ शेवटी आला. पाण्याबाहेर पडून तो बाकावर बसला. पायाच्या बोटांमधली वाळू त्याने टॉवेलने एकेक करून पुसली. मग रबरी पोशाख झटकला, बाहीवर बाही ठेवली, शिवणीला शिवण जुळवली आणि व्यवस्थित चौकोनी घडी घातली. घडी तिरकी झाली. त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली. शेवटी पिशवीतून कंगवा काढून भांग पाडला.

क्लाईव्ह कुंपणाच्या अलीकडे दहा पावलांवर होता. त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं आणि ते चालू होतं. शेजारचे लोक आपापल्या माणसांना “चल, चल” म्हणून ओरडत होते. ओरडायला बंदी नव्हती. मर्विनला कोणी ओरडत नव्हतं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी केपटाऊनला होती. क्लाईव्हच्या तोंडाशी नाव आलं. मग त्याला धक्का आठवला, तिन्ही खुर्च्या आठवल्या. त्याने कॉफीचा घोट घेतला.

चौदा मिनिटं. कर तुझी घडी, मर्विन मास्तर, त्याने मनात म्हटलं, छान चापून कर.

दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटला. टोप्या उडाल्या, कुंपणाचे फलक आडवे झाले. तीनच्या सुमारास लायनेल आला, सायकल दुसऱ्याच्या हाती सोडताना धापा टाकत म्हणाला, “मर्विन मागे आहे. वाऱ्याने पार झोपवला बिचाऱ्याला,” आणि पोटरीवरचं चिन्ह मिरवत पळायला निघून गेला. क्लाईव्हने समाधानाने जेवणाचा डबा उघडला. पण सँडविच अर्धंच गेलं. चार वाजले, पाच वाजले. येणाऱ्या माणसांचे चेहरे बदलत गेले. सकाळचे डॉक्टर-वकील केव्हाच आत गेले होते; आता येत होते ते कोणाचे तरी काका, कोणाची तरी आई, तोंडावर मिठाचे पांढरे डाग, डोळे खोल गेलेले. एक बाई सायकलवरून उतरली आणि उभं राहता येईना म्हणून तशीच चार पायांवर रांगत आत गेली. क्लाईव्हने तिला हसायचं ठरवलं होतं. हसू आलं नाही, आणि त्याचाही त्याला राग आला.

पाच एकोणतीसला रस्त्याच्या वळणावर एक सायकल दिसली. इतकी हळू, की पडत कशी नाही ते कळेना. चालवणारा ताठ बसला होता. असा ताठ सायकलवर एकच माणूस बसे.

क्लाईव्हने दोरीचं टोक झिमासाच्या हातात दिलं आणि तो पळाला.

सव्वीस वर्षांत तो कुत्र्यापुढेसुद्धा पळाला नव्हता. अंगठा नसला की पाय पुढे ढकलायला काही उरत नाही. प्रत्येक पाऊल बाहेरच्या बाजूला फेकलं जात होतं. लोक बघत होते. बघू देत.

“हाण!” तो ओरडला. “हाण, म्हाताऱ्या! शाळेची घंटा झाली का तुझी? अरे, माझी आजी चर्चला याहून जोरात जायची! हाण, मेल्या, हाण!”

मर्विनने मान वर केली. त्याला बोलता येत नव्हतं. वारा समोरून येत होता. क्लाईव्ह त्याच्या बाजूने लंगडत धावत होता आणि हात पाठीशी घट्ट धरून ठेवत होता, कारण सायकलला बोट लागलं तरी माणूस बाद होतो, हे त्याला ठाऊक होतं. हसण्यासाठी म्हणून त्याने नियमांची सगळी पुस्तिका वाचून काढली होती. ती आता अशी उपयोगी पडत होती.

ते दोघे पोचले तेव्हा दोरी ताणलेली होती. झिमासाची पाठ रस्त्याकडे होती. ती हातातल्या फळीवरच्या कागदाकडे बघत होती, जरा जास्तच वेळ.

“ताता, मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. “घड्याळ तुमच्याकडे आहे. किती वाजता आले, ते सांगा. मी लिहिते.”

चिपची वेळ टिपणारी चटई दोरीच्या पलीकडे होती. दोरीपर्यंतचा हिशेब माणसाच्या तोंडावर चालायचा. क्लाईव्हने गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. साडेपाच वाजून पन्नास सेकंद. सव्वीस वर्षांत त्याने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. लोकांनी दारू देऊ केली, मटण देऊ केलं, एकाने कुत्रा सोडला. मीटरवर जे होतं तेच वहीत गेलं. तेवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी मिरवण्यासारखी होती.

“पाच एकोणतीस,” क्लाईव्ह म्हणाला. “पंचावन्न सेकंद.”

झिमासाने पेन टेकवलं.

“नाही, बाळ,” मर्विन म्हणाला. सायकलच्या दांड्यावर ओणवून तो श्वास गोळा करत होता. स्वतःचं घड्याळ त्याने तिच्यापुढे धरलं. “पन्नास सेकंद उशीर झाला. खरं ते लिही. हा थकलाय, त्याला दिसलं नसेल.”

झिमासाने आकडा लिहिला आणि क्लाईव्हकडे बघून हळूच म्हणाली, “पट्टा, ताता.”

क्लाईव्ह डांबरावर गुडघे टेकून बसला. चर्चमध्ये गेल्या गुरुवारी, ईस्टरआधीच्या रिवाजाप्रमाणे, पास्टरने बारा जणांचे पाय धुतले, तेव्हा क्लाईव्हचं नाव त्या बारांत होतं. मोजा काढायला लागू नये म्हणून तो मागच्या दाराने घरी निघून आला होता. आता त्याच्यापुढे मर्विनचा पाय होता. मिठाने पांढरा पडलेला, भादरलेला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आपोआप थडथडणारा. पट्टा ओला होऊन घट्ट बसला होता आणि क्लाईव्हची बोटं चालत नव्हती.

“चिमटलं का?”

“नाही. काढ सावकाश.”

“घडी घातलीस तू,” क्लाईव्ह खाली बघूनच म्हणाला. “मूर्खा. दोन दोनदा घातलीस घडी!”

“ओला होता तो. तसाच कसा टाकणार?”

पट्टा सुटला. मर्विनने पाय उचलला, तो खाली टेकला, आणि क्लाईव्हला उठवायला हात पुढे केला.

* * *

पुढच्या रविवारी मर्विन शब्दाप्रमाणे धक्क्यावर आला. चर्चच्या कपड्यांत, पँटचे पाय दुमडून, गळ घेऊन. लायनेल आला नव्हता. तो रात्री नऊच्या आतच शर्यत पुरी करून पदक घेऊन घरी गेला होता आणि आज पास्टरने त्याला पुन्हा बोलायला उभं केलं होतं. इव्हेटने मासे दिले होते. मर्विनने हाताने खाल्ले आणि बोटं चोखली.

क्लाईव्हला हवं ते सगळं मिळालं होतं. वारा पडला होता, भरती चढत होती. शेजारच्या खुर्चीत मर्विन होता. त्याच्या पोटरीवर काळे खुंट उगवायला लागले होते, पण घोट्याभोवती पट्ट्याएवढा उन्हाने न रापलेला फिकट पट्टा होता, आणि क्लाईव्हची नजर फिरून फिरून तिथेच जात होती.

“मी तिथे होतो,” शेवटी तो म्हणाला. “तू घडी घालत होतास तेव्हा. दहा पावलांवर. हाक मारता आली असती. मुद्दाम मारली नाही.”

“पाहिलं मी तुला. कॉफी पीत होतास.”

“मग?”

“मग काय? तू ओरडला असतास तरी घडी घातलीच असती मी.” मर्विनने गळाला आमिष लावलं. “सायकल घ्यायला एक जण येतोय. मंगळवारी.”

“कोण?”

“आहे एक. लायनेलचं भाषण ऐकून पेटलाय.”

“त्या गाढवाला सांग, विकायची नाही.” क्लाईव्ह पाण्याकडे बघत खेकसला. “अकरा जोड बूट बागेत सडतायत, आता सायकलीही सडवा. ठेव ती घरी. राहू दे भिंतीला टेकून. तिला काय खायला लागतं?”

मर्विनने गळ टाकला आणि तो मागे टेकून बसला. समोर लांब पाण्यात शर्यतीचा एक नारिंगी बोया काढायचा राहून गेला होता, लाटेबरोबर वर येत होता, खाली जात होता. मर्विन त्याच्याकडे बघत होता. त्याच्या गळाची काठी एकदा वाकली, सुटली, मग पुन्हा जोरात वाकली आणि टोक थरथरू लागलं. चांगला मोठा असणार. मर्विनचं लक्ष नव्हतं. बोया वर आला की त्याचे खांदे किंचित हलत, डावा, मग उजवा.

क्लाईव्ह काठीकडे बघत राहिला. त्याने हाक मारली नाही.